"सावकाश चालव" म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे पोराने नवी गाडी घेतली की तीन गोष्टी हमखास होतात. टाकीवर 'माशाअल्लाह'चं नाहीतर देवाचं स्टिकर लागतं, शेजारीपाजारी पेढे जातात आणि घरातलं प्रत्येक मोठं माणूस त्याला एकच वाक्य ऐकवतं, "सावकाश चालव रे बाबा." आमच्या घरात तेच दखनीत होतं, "आहिस्ता चलाना बेटा."

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. शब्दाकडे बघायची खोड जडलेली आहे. या वाक्याकडे मी बरीच वर्षं बघतो आहे आणि मला ती सूचना वाटतच नाही. ती दुआ आहे. आपण दुआ देतो आणि समजतो की शिकवून झालं. पोहायला न येणाऱ्या पोराला विहिरीच्या काठावर उभं करून "नीट पोह हां" म्हणावं, तसं. नीट म्हणजे कसं? पाय कसे मारायचे, श्वास कधी घ्यायचा? ते कोणीच सांगत नाही, कारण बहुतेक घरांत ते सांगणाऱ्यालाही कोणी सांगितलेलं नसतं.

हा विषय डोक्यात घोळायला कारण घडलं माझ्या भाच्याचं. वय 23. कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी. दीड वर्ष पगारातून पैसे साठवून त्याने यामाहाची आर-15 घेतली, निळ्या रंगाची. पुढे वाकून बसायची ती गाडी. तरुणांच्या भाषेत स्पोर्ट बाईक. घरात पेढे वाटले गेले नाहीत. आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, दोन दिवस बोललीच नाही.

तिच्या न बोलण्याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रात्री दुल्हेभाई पंढरपूर रस्त्याने मिरजेला परत येत होते. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती, नुसता काळोखातला ऊस. हेल्मेट त्यांच्याकडे होतं. घरी कपाटावर होतं. तेव्हा भाचा चौदा वर्षांचा होता. आपाने शिलाई मशीनवर त्याला वाढवला, डिप्लोमा करवला. आणि आता त्याच पोराने पहिली मोठी खरेदी केली ती दुचाकीची.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मी त्याला नको म्हणणार नाही. त्याच्या कष्टाचा पैसा आहे आणि नको म्हटलं तर तो चोरून चालवेल. पण माझ्या तोंडून हो म्हणवून घेऊ नकोस. तू मास्तर आहेस ना? मग शिकव त्याला."

"आपा, त्याला येते की गाडी. पाच वर्षं माझी स्प्लेंडर चालवतोय."

"त्याच्या अब्बांनाही येत होती," ती म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

'येतं' हा शब्द वर्गातही फार फसवा असतो. सातचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मध्येच "सात नव्वे किती?" विचारलं की तो पुन्हा सात एके सातपासून सुरू करतो. त्याला पाढा येत असतो, पण गरजेच्या क्षणी तो हाताशी नसतो. गाडीचं अगदी तसंच आहे. रस्ता रिकामा असताना सगळ्यांनाच येते. समोर अचानक कुत्रं आलं, वळणावर खडी लागली, की तिथे "सात नव्वे किती?" विचारलं जातं आणि उत्तरासाठी एक सेकंदही मिळत नाही.

शिवाय दोन गाड्यांमधला फरक आपण मोठी माणसं ध्यानात घेत नाही. स्प्लेंडरचं इंजिन शंभर सीसीच्या आतलं, ताकद साधारण आठ अश्वशक्ती. आर-15 चं 155 सीसीचं, ताकद अठराच्या वर. म्हणजे दुपटीहून जास्त. वजन तीसेक किलोने अधिक आणि सीटही उंच. हँडल खाली, त्यामुळे अंगाचा भार मनगटांवर येतो. हँडल दोन्ही बाजूंना कमी फिरतं, म्हणून बोळात गाडी वळवायला जास्त जागा लागते. आणि मुख्य गोष्ट, इंजिनाची खरी ताकद वरच्या फेऱ्यांना एकदम जागी होते. स्प्लेंडरवर मूठ जेवढी पिळायची सवय असते तेवढीच इथे पिळली तर गाडी तेवढीच पळेल, असं नाही. जुनी सवय आणि नवी ताकद यांची गाठ पडते तिथे अपघात दबा धरून बसलेला असतो.

मी काही रेसर नव्हे. वीस-बावीस वर्षं दुचाकी चालवतो आहे एवढंच. पण माझा एक जुना विद्यार्थी इथे गॅरेज चालवतो. दहावीला गणितात मला त्याने रडवलं होतं, आणि गाडीच्या बाबतीत मात्र आज मी त्याला उस्ताद म्हणतो. त्याला सोबत घेतलं. शिकवायची पद्धत माझी, गाडीचं ज्ञान त्याचं.

पद्धत मी बीएडमधली वापरली. ज्यांनी बीएड केलंय त्यांना सूक्ष्म अध्यापन आठवत असेल. 1960 च्या दशकात अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही कल्पना निघाली आणि आपल्याकडे एनसीईआरटीने तिला 36 मिनिटांच्या चक्रात बसवलं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुन्हा तयारी, सहा मिनिटं पुन्हा शिकवा, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य. प्रश्न विचारायचं असेल तर फक्त प्रश्न. फळा लिहायचा असेल तर फक्त फळा. आम्ही तेव्हा या प्रकाराला हसायचो. पण त्यामागची गोष्ट पक्की आहे. माणूस पाच गोष्टी एकदम शिकायला गेला की पाचही कच्च्या राहतात.

मग मी वहीत टाचण काढलं. पाच रविवार, पाच पाठ. फजरच्या नमाजनंतर, ऊन चढायच्या आत. भाचा वही बघून हसला. "मामू, आता मला गृहपाठपण देणार का?"

"देणार," म्हटलं.

पहिल्या रविवारी गाडी चालूच केली नाही. याचा त्याला फार राग आला. उस्तादाने त्याला गाडीभोवती फिरवलं. टायरमधली हवा कंपनीने सांगितली तेवढी आहे का, आणि ती थंड टायरमध्ये मोजायची. चेन किती ढिली असावी. ब्रेक आणि क्लचच्या पट्ट्या बोटांना सहज सापडतात का. आरशात स्वतःचे कोपर दिसताहेत की मागचा रस्ता. नवा टायर गुळगुळीत असतो, त्याचा वरचा थर घासला जाईपर्यंत, म्हणजे पहिले शंभर-दीडशे किलोमीटर, गाडी जास्त झुकवायची नाही आणि ब्रेक ओरबाडायचा नाही. इंजिनही नवं असतं. पहिल्या हजार किलोमीटरला किती फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही हे गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक आपण सीटखाली ठेवतो आणि गाडी विकताना पुढच्याला देतो, न उघडता. मी त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं.

मला या हजार किलोमीटरचं फार बरं वाटलं. कंपनी इंजिनासाठी म्हणते, हळूहळू जुळू द्या. मी म्हटलं, बेटा, इंजिनासोबत तूही जुळून घे. एवढी सवलत रस्ता पुन्हा देणार नाही.

मग हेल्मेट. आयएसआयचा शिक्का, त्यावर आयएस 4151 हा क्रमांक. डोक्यात घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून हेल्मेट मागून वर ढकललं तर ते निघता कामा नये. आपल्याकडे निम्मे लोक पट्टा लावतच नाहीत; पोलिसासाठी घातलेलं हेल्मेट पोलिस गेला की टोपीसारखं मागे सरकतं. हातमोजे आणि घोटा झाकणारे बूटही घेतले. पडताना माणूस आधी हात टेकतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

दुसऱ्या रविवारी मार्केट यार्डाचं मोकळं आवार. पाठाचं नाव लिहिलं होतं 'सावकाश'. खडूच्या भुकटीने मी जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा काढला आणि सांगितलं, यावरून पाय न टेकवता, माणूस चालतो त्या वेगाने फिर. जो पोरगा शंभरच्या गप्पा मारत होता, त्याचा पाय पहिल्या वळणालाच खाली आला. दुसऱ्यालाही. तिसऱ्या वेळी गाडी आडवी होता होता उस्तादाने धरली.

गोष्ट अशी आहे की दुचाकी वेगात असताना स्वतःचा तोल बराचसा स्वतः सांभाळते. हळू चालवतानाच चालवणाऱ्याचं काम सुरू होतं. क्लच पूर्ण सोडायचा नाही, पूर्ण दाबायचाही नाही. ज्या जागी गाडी ओढायला लागते ती जागा बोटांना ओळखीची करायची. रेस स्थिर. मागचा ब्रेक हलकेच दाबलेला. पुढचा ब्रेक अजिबात नाही, कारण हँडल वळलेलं असताना तो दाबला की गाडी पडलीच. आणि नजर पुढच्या चाकाकडे न ठेवता जिथे जायचं आहे तिकडे.

ही नजरेची गोष्ट त्याला पटायला अर्धा तास गेला. शेवटी मी मान धरून वळवली, अक्षरशः. नजर वळली आणि गाडी तिच्यामागे गेली. तो इतका चकित झाला की थांबून हसायला लागला. नऊ वाजेपर्यंत त्याने आठच्या आकड्यावर सलग दहा फेऱ्या मारल्या. घामाघूम. म्हणाला, "मामू, हळू चालवणंच जास्त अवघड आहे की."

मला वाटतं, "सावकाश चालव" या वाक्याचा अर्थ त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

तिसरा पाठ ब्रेकचा. इथे मी थोडं गणित घेतलं. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. समोर काहीतरी दिसल्यापासून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 17 मीटर गेले. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चांगला ब्रेक लावूनही थांबायला वीस-बावीस मीटर. एकूण चाळीसच्या आसपास. तेच ताशी 30 ला चौदा मीटरच्या आसपास भागतं. मिरज-सांगलीच्या माणसाला मीटरपेक्षा कबड्डीचं मैदान लवकर कळतं. ते 13 मीटर लांब असतं. 30 ला एक मैदान, 60 ला तीन मैदानं. वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. हा नियम कोणत्याही कंपनीची गाडी मोडू शकत नाही.

मग प्रत्यक्ष. आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, "पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर पडशील." सायकलवरून आलेलं हे शहाणपण आहे. खरं म्हणजे ब्रेक लावला की सगळा भार पुढे सरकतो, पुढचं चाक जमिनीला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. थांबवायची मोठी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. तोंडावर पडतो तो झटका मारून दाबणारा. म्हणून उस्तादाने शब्द दिला, 'पिळायचा'. ओल्या फडक्यातून पाणी पिळतो तसा, सुरुवात हलकी आणि मग जोर वाढवत. सोबत मागचा. गाडी सरळ, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरलेली, म्हणजे अंगाचा भार हँडलवर जात नाही.

वीसच्या वेगाने पाच वेळा, तीसच्या वेगाने पाच वेळा, चाळीसच्या वेगाने पाच वेळा. प्रत्येक वेळी खडूची खूण. शेवटी खुणा बघत तो बराच वेळ उभा राहिला. फळ्यावरचं सूत्र आणि जमिनीवरची रेघ यात किती फरक असतो हे मास्तर म्हणून मला त्या दिवशी नव्याने जाणवलं. गाडीला एबीएस आहे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना तो सक्तीचाच आहे. तो चाक अडकून घसरू देत नाही, हा मोठा आधार. पण वाळूवर, खडीवर तो जादू करत नाही, तिथे थांबायला जास्तच अंतर लागतं. हेही सांगितलं.

चौथा पाठ वळणाचा. दंडोबाच्या डोंगराकडे जाणारा रस्ता, पहाटे, उस्ताद पुढे त्याच्या गाडीवर, भाचा मध्ये, मी स्प्लेंडरवर मागे. नियम तीन. पहिला, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. दुसरा, नजर वळणाच्या शेवटाकडे. खड्ड्याकडे टक लावून बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते. तिसरा, समोरचं दिसत नसेल तर आपल्या बाजूच्या मधल्या रेषेला चिकटायचं नाही, कारण डोकं आणि खांदे झुकून पलीकडच्या बाजूला जातात आणि समोरून एसटी येत असते.

एक गंमतही सांगितली. विमान बनवणारे राइट बंधू मूळचे सायकलवाले. त्यातल्या विल्बर राइटच्या लक्षात आलं होतं की डावीकडे वळताना माणूस आधी हँडल किंचित उजवीकडे नेतो आणि त्याला स्वतःला हे माहीतही नसतं. मोटरसायकलचं तसंच. थोड्या वेगात असताना उजवीकडे जायचं तर उजवं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, गाडी उजवीकडे झुकते. न कळता सगळेच हे करतात. पण कळून केलं तर अचानक अडथळा चुकवताना हात गोंधळत नाहीत. भाच्याने रिकाम्या सरळ रस्त्यावर, हळू वेगात, दोन-चारदा करून बघितलं आणि ओरडला, "मामू, हे तर उलटंच आहे!"

पाचवा पाठ मी मुद्दाम संध्याकाळी ठेवला. हंगाम सुरू झाला होता. कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. आमच्या भागात नोव्हेंबर ते मार्च रात्रीच्या रस्त्याचा मालक ऊस असतो. रस्त्याच्या कडेला पडलेल्या कांड्या, चिखल, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या, आणि समोरून प्रखर दिवे मारत येणाऱ्या गाड्या. या पाठात शिकवायला एकच वाक्य होतं. आपल्या दिव्याचा उजेड जिथे संपतो, त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग. समोरच्याच्या दिव्याने डोळे दिपले तर अंदाजाने पुढे जायचं नाही, वेग सोडायचा.

आम्ही पंढरपूर रस्त्याला लागलो. मी ठरवून काही बोललो नाही. ती जागा आली. तिथे कसलीही खूण नाही; एक बाभूळ आहे आणि पुढे पाण्याचा पाट. जागेच्या बऱ्याच आधी त्याच्या गाडीचा ब्रेक लाईट लागला. तो कडेला थांबला. हेल्मेट काढलं नाही, काच फक्त वर केली. थोड्या वेळाने म्हणाला, "मामू, साठला असते तरी दिसली नसती ना?"

मी म्हटलं, "चाळीसला दिसली असती कदाचित."

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "अब्बांना कोणी सांगितलंच नसेल हे."

कोणी सांगितलं असेल? त्यांनाही सगळे तेच म्हणत असतील, आहिस्ता चलाना.

हे मी लिहितोय कारण आमच्या चहाच्या टपरीवर या पाच रविवारांची चेष्टा झाली. एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, मौत जिथे लिहिली आहे तिथे येणारच. हेल्मेटने काय लिहिलेलं पुसतं?" मी त्यांचा मान ठेवतो. पण आपल्याच परंपरेत ती उंटाची गोष्ट आहे, तिर्मिजीच्या संग्रहात. उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असं विचारणाऱ्याला सांगितलं गेलं की आधी बांध, मग भरवसा ठेव. हेल्मेटचा पट्टा म्हणजे आजच्या उंटाची दोरी आहे. तो न लावता तवक्कुलचं नाव घेणं हा आळस आहे, आणि त्याचं बिल विधवेला आणि लेकरांना भरावं लागतं.

आकडे हवे असतील तर केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आहेत. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसल्याच्या नोंदीखाली 50,029 मृत्यू आहेत, आणि त्यांतले 14,337 मागे बसलेल्यांचे. मागे बसलेले म्हणजे कोण? आपल्या घरातल्या बायका, बहिणी, म्हाताऱ्या अम्मी. चालवणाऱ्याकडे निदान हेल्मेट असतं, मागच्या बाईसाठी दुसरं घेतलेलंच नसतं.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. शब-ए-बरातच्या रात्री, ईदच्या संध्याकाळी काही पोरं ट्रिपल सीट, सायलेन्सर काढून, कट मारत फिरतात. दुसऱ्या मिरवणुकांतही पोरं तेच करतात, हे मला माहीत आहे. पण आपली पोरं केली की रस्त्यावरच्या माणसाला गाडीचा नंबर दिसत नाही, टोपी दिसते. यावर आपल्याकडे मोठी माणसं म्हणतात, "कौमचं नाव खराब होतं." मला हे कारण अपुरं वाटतं. नाव पुढची गोष्ट. ज्या रात्री कब्रस्तानात जाऊन आपण गेलेल्यांसाठी मगफिरत मागतो, त्याच रात्री कोणा आईला तिथे नवीन कबर खोदावी लागू नये, एवढं कारण मला पुरेसं आहे. आणि अठराच्या आतल्या पोराच्या हाती चावी देणाऱ्या बापांनो, 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात पालकासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. पोराला नाही, तुम्हाला.

भाच्याच्या मित्रांनीही त्याला सोडलं नाही. पहिल्या महिन्यात सगळे म्हणायचे, "टॉप किती गेली?" हा प्रश्न साधा नाही, तो पोरांच्या इज्जतीचा प्रश्न असतो. त्याने काय उत्तर द्यावं हे माझ्या टाचणात नव्हतं. त्याने स्वतःच शोधलं. मार्केट यार्डात खडूचा आठ काढला आणि म्हणाला, "आधी पाय न टेकवता दहा फेऱ्या मार, मग टॉप सांगतो." सहा जणांपैकी एकालाही जमल्या नाहीत. आता त्यांतले चौघे रविवारी सकाळी येतात. उस्ताद येतो. मी खडू घेऊन जातो. फी नाही, अट एकच, पट्टा लावलेलं हेल्मेट.

आपा अजून त्या गाडीवर बसलेली नाही. मागची सीट उंच आणि टीचभर आहे, तिच्या गुडघ्यांना ती झेपणारही नाही. पण परवा तिने कपाटावरचं जुनं हेल्मेट खाली काढलं. आतला फोम चुरा झाला होता. एवढ्या वर्षांत फोम वाळतो, ते हेल्मेट आता कुणाच्या डोक्याला उपयोगाचं नाही, असं उस्तादाने सांगितलं. ती म्हणाली, "मग टाकू नको. मशीनजवळ ठेव." आणि भाच्याला पैसे देऊन म्हणाली, "दुसरं एक आण. मागे कोणीतरी बसेलच ना कधी."

आता गृहपाठ. तो पोरांना नाही, तुम्हाला. तुमच्या घरात नवी गाडी आली असेल तर "सावकाश चालव" म्हणण्याआधी एक करा. त्याच्यासोबत एखाद्या मोकळ्या मैदानात जा. तीसच्या वेगावरून त्याला गाडी थांबवायला लावा आणि ती किती अंतरात थांबते ते त्याच्यासमोर, तुमच्या पावलांनी मोजा. मग साठला किती पावलं लागतील ते त्यालाच विचारा. उत्तर चुकलं तर रागावू नका. पुन्हा मोजा.